मानशीचं दार

ताळगावच्या पठारावर रात्रीचे साडेदहा.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
सूक्ष्मदर्शकाखाली झेलियाच्या मनगटाची कातडी,
चार वर्षांची, निळ्या रंगात बुडवलेली.
एकेका केंद्रकात दोन मीटर धागा,
मिठाच्या कणाहूनही कितीतरी लहान खोलीत.
‘कोंबलेला’, असं मी पहिल्या वर्षी वहीत लिहायचे.
आता नाही लिहीत.

लावून ठेवलेलं असतं ते.
काही भाग भिंतीला पाठ टेकून गप्प,
वाचताच येऊ नयेत इतके दाटून.
काही मधोमध, सैल,
तिथे नकला उतरवणाऱ्यांची सारखी ये-जा.
माझ्याही प्रत्येक पेशीत एक एक्स
मुटकुळं करून कडेला बसलेला आहे.
कुठे आईचा, कुठे बाबांचा.
भांडण कधी ऐकू आलं नाही.

झेलियाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली.
बांबोळीहून फाइल आली
तेव्हा मी बोटांच्या जनुकांचं अक्षर न् अक्षर तपासलं.
तीन आठवडे.
एकही चुकलेलं नव्हतं.
तीन आठवडे मी भलत्याच पानावर
शुद्धलेखन बघत होते.

बाबा चोडणला मानस सांभाळायचे.
भरतीला लाकडी दार आपसूक मिटायचं,
ओहोटीला उघडायचं.
बाबांचं काम एवढंच,
फळीला फट नाही ना,
खेकड्यांनी बांध पोखरला नाही ना.
आत कोरगुट, बाहेर मांडवी.
एका वर्षी बांध फुटला.
कोणी फोडला ते अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं,
पंचनाम्यात कुणालाच नव्हतं.
बी तेच, पेरा तोच, हात तेच.
कोरगुट खारं सोसतं,
पण सगळंच्या सगळं नाही सोसत.

धाग्यावरही बांध असतात.
त्यांच्यामुळे वळसे पडतात,
आणि एका वळशातली हाक
दुसऱ्या वळशात जात नाही.
हाक मारणारा तुकडा कितीही लांब असो,
धागा दुमडून तो जनुकाच्या कानाशी येतो,
‘आता’ म्हणतो.
आपल्याच जनुकाच्या.
शेजाऱ्याच्या नव्हे.

तांबडा ठिपका म्हणजे हाक.
हिरवा म्हणजे शेजारी, ज्यानं झोपून राहायचं होतं.
माझ्या स्वतःच्या पेशीत दोघांमध्ये काळोख आहे,
नखाएवढा, पडद्यावर.
झेलियाच्या पेशीत ते एकमेकांवर चढून
पिवळे झालेत.
शंभर केंद्रकं मोजली. एकसष्टांत पिवळं.
मग ज्या जागेला नावही नाही
ती वाचून पाहिली:
मधला एक तुकडा गायब.
तिथे काही लिहिलेलं नव्हतंच कधी.
फक्त बांध होता.

सोमवारी दोरोतिया आली, जुव्याहून, लेकीला घेऊन.
मी रंगीत पेन्सिलींनी वळसे काढून ठेवले होते,
वाक्यंही पाठ केली होती, सोपी.
दुसऱ्या वाक्याला तिनं हात वर केला.
‘म्हणजे बांद फुटलो.’
हो म्हणाले.
‘परतून बांदूंक येता?’

बोटांचं शेत पोटातच कापून झालं, हे कसं सांगतात
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
नोव्हेंबरात ऑपरेशन आहे, एवढं सांगितलं.
बोटं सुटी होतील.
ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली,
मग म्हणाली, आमच्या शेतातलं मीठ जायला
तीन पावसाळे लागले होते.
आणि ते कुणाच्या चुकीनं नव्हतं, असं मी म्हणाले,
तिनं विचारलेलं नसताना.

तोवर झेलियानं तांबडी पेन्सिल उचलली होती,
जोडलेल्या दोन बोटांच्या घट्ट चिमटीत,
आणि माझ्या सुबक वळशाच्या आत
एक खेकडा काढला.
दहा पायांचा.
मोजून.